डब्याची किल्ली माझ्याकडे होती

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूस समजले आणि मागच्या दाराने आत घेऊन थेट मोरीपाशी उभं केलं. असल्या गोष्टी मी नातीला रंगवून सांगते आणि तीही पोट धरून हसते. पण एक मूर्खपणा मी बरीच वर्षं कोणाला सांगितला नाही, कारण तो करताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. मी एका बंद डब्यातली निनावी चिठ्ठी काढून वाचली, अक्षर ओळखलं, आणि ती लिहिणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन आईबापांना खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

डबा माझा नव्हता. ज्या बाईंचा होता त्यांच्याबद्दल मला खरं तर लिहायचं आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की आधी माझीच फजिती पुढे येऊन उभी राहते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची आठवण काढायची तर आधी आपली लाज काढावी लागते.

त्यांना सगळे ताई म्हणत. वय माझ्याहून दहा-बारा वर्षांनी कमी, पण मीही ताईच म्हणे. शहाद्याकडच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि कपाळावर टिकली कधी असे कधी नसे, ती पडली तर शोधत बसायला त्यांना वेळ नसे. कोणी पोरांबद्दल तक्रार घेऊन आलं की त्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग मान किंचित तिरकी करून एवढंच म्हणत, "विचारलं का त्याला?"

पोरगा घरी उशिरा येतो. विचारलं का त्याला? पोरगी तोंड फुगवून बसते. विचारलं का तिला? एक बाप एकदा चिडून म्हणाला, "ताई, विचारायचं काय त्यात, मला दिसतं ना." त्यावर त्या म्हणाल्या, "दिसतं ते तुम्हाला. तो काय बघतो ते विचारा." मी मागे खुर्चीवर बसून मनात म्हटलं, काय हे शिकवणं. मी असते तर पहिल्या दिवशी पोरांना वाईट नाद सोडायची शपथ दिली असती.

शपथेवर माझा फार जीव. मी सिल्वासाला आले ती सरकारी मराठी शाळेतली शिक्षिका म्हणून, आणि माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे जन्मतःच सगळं माहीत असलेली. माझ्या वर्गातली निम्मी मुलं धुळे-नंदुरबारकडून कामाला आलेल्यांची. आई सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात, बाप खडोलीच्या. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी, बारा-बारा तासांची. नवराबायको दारात भेटत, खोलीची किल्ली या हातातून त्या हातात जाई, आणि संसार झाला. मधल्या वेळात पोरं स्वतःच स्वतःला वाढवत. कोणी पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगे, कोणी गुटखा, कोणी बाटलीत उरलेलं. शेजारच्या राज्यात दारूबंदी, त्यामुळे त्यांची तहान आमच्या गावात भागते. दुकानं कुठे आहेत ते पोरांना शोधावं लागत नाही, शाळेच्या वाटेवरच लागतात.

यावर माझा उपाय होता प्रभातफेरी. मी घोषणा लिहिल्या, यमकं जुळवली, दोन-दोनच्या रांगा लावल्या आणि उन्हातून मुलांना मुख्य रस्त्याने फिरवलं. बारच्या दारात उभ्या असलेल्या, पलीकडच्या नंबरप्लेटच्या गाड्यांनी आम्हाला हॉर्न वाजवून प्रोत्साहन दिलं. फेरीच्या शेवटी जे पाहुणे भाषणाला आले त्यांनी आधी तोंडातला तोबरा व्यासपीठाच्या मागे जाऊन रिकामा केला आणि मग व्यसनमुक्तीवर पाऊण तास बोलले. मी त्यांना गुलाबाचं फूल दिलं. फोटोत मी मधोमध आहे. तो फोटो पाहिला की त्या पन्नाशीतल्या बाईच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण ती इतकी खूश दिसते की हात आवरतो.

एड्सबद्दल तर आम्ही असे बोलत असू की ऐकणाऱ्याला वाटावं, हा एखादा दूरच्या देशातला वाईट चालीचा माणूस आहे आणि तो आपल्या गावात यायचा नाही. विज्ञानाच्या शिक्षिका तो धडा मुलींना घरी वाचून यायला सांगत. मुली वाचत नसत. मग परीक्षेत तो वगळत.

अशात ताई आल्या. कुठल्याशा प्रोजेक्टमधून. आमच्या शाळेच्या दोन खोल्या सुट्टीच्या दिवशी हव्या होत्या, आणि शाळेकडून जबाबदार शिक्षिका म्हणून मुख्याध्यापकांनी मला दिलं. जबाबदार म्हणजे खोल्या उघडायच्या आणि बंद करायच्या. मी त्याचा अर्थ बराच मोठा घेतला.

त्यांची रीत साधी होती. घरातलं किशोरवयातलं एक मूल आणि त्याच्यासोबत घरचं एक तरी मोठं माणूस, असे दोघे आले तरच प्रवेश. एकट्या पोराला त्या परत पाठवत आणि एकट्या बापालाही. पहिला अर्धा तास मोठी माणसं एका खोलीत, पोरं दुसऱ्या खोलीत, मग सगळे एकत्र, जमिनीवर. घरी करायला अभ्यास दिला जाई तो मोठ्यांना: रोज दहा मिनिटं पोराशी बोलायचं, पण मार्क, मोबाईल आणि शेजारची हुशार मुलगी हे तीन विषय सोडून. पुढच्या आठवड्यात लोक येऊन सांगत की ताई, दुसऱ्या मिनिटाला विषयच संपला. एक आई म्हणाली, "मग आम्ही दोघी भिंतीकडं बघत बसलो." ताई म्हणाल्या, "चालंल. एकाच भिंतीकडं बघितलं ना?"

आणि सुईचं, रोगाचं, निरोधाचं, नकार कसा द्यायचा त्याचं, हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगत. बाप लोक छताकडे बघत. मी तर बाहेर पाण्याची टाकी भरली का ते बघायला जाई. टाकी नेहमीच भरलेली असे.

आता डबा. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, झाकणाला त्यांनी चीर पाडून घेतली होती आणि कडीला छोटं कुलूप. ज्याला तोंडाने विचारता येत नाही त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, आणि सगळ्यांसमोर डबा उघडून ताई एकेका चिठ्ठीचं उत्तर देणार. आठवडाभर डबा शाळेत राही म्हणजे मधल्या वारीही चिठ्ठी टाकता यावी. वर्गाबाहेरच्या बाकावर दिवसभर, आणि शाळा सुटली की माझ्या कपाटात. कुलपाची किल्लीही माझ्याकडे दिली होती, ताईंकडची हरवली तर असावी म्हणून. देताना त्या म्हणाल्या होत्या, "बाई, ही तुमच्याकडं राहू द्या, पण हिला काम नका देऊ."

मी हो म्हटलं आणि पंधरा दिवसांत हिला काम दिलं.

कारण काय, तर काळजी. डबा हलवला की आत कागद वाजत. माझ्या वर्गातली मुलं, माझ्याच कपाटात, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही म्हणजे काय. एका दुपारी शिक्षक-खोलीत कोणी नव्हतं. मी डबा उघडला. आठ-दहा चिठ्ठ्या होत्या. बऱ्याच साध्या. आणि एक अशी: "एकच सुई चार जणांनी वापरली तर एड्स होतो का? तपासणी कुठे करतात? घरातल्या बाकीच्यांनाही करावी लागते का?"

मी पडले मराठीची शिक्षिका. वीस वर्षं वह्या तपासलेल्या. नाव झाकून कागद ठेवा, पोर सांगते, अशी माझी शेखी होती. आणि या मुलीची तर एक लकब होती: आख्खी ओळ लिहून झाली की ती पट्टी लावून एका दमात शिरोरेषा ओढायची. नववी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

चिठ्ठीतला तिसरा प्रश्न मी वाचला होता, पण त्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी अक्षर बघत होते.

ताईंची बैठक नसलेल्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी अथालला त्यांच्या चाळीत गेले. एक खोली, मध्ये पडदा. पडद्यामागे ती मुलगी भूमितीची वही उघडून बसली होती, बाप रातपाळीवरून येऊन नुकताच हातपाय धुऊन बसलेला, आई निवडायला मेथी घेऊन. घरात खुर्ची एकच होती. त्यांनी ती पुसून मला दिली आणि मी तीवर बसले. ताई असल्या घरी गेल्या की खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसत, ते मी पाहिलं होतं आणि मला ते जरा नाटकी वाटायचं.

मी प्रस्तावना केली. शिक्षिका म्हणजे दुसरी आई वगैरे. मग पर्समधून चिठ्ठी काढली आणि वाचली. प्रश्नचिन्हांसकट वाचली, जसं वर्गात वाचतात. आणि म्हटलं, हे तुमच्या मुलीचं अक्षर आहे, मी खात्रीने सांगते.

बाप माझ्याकडे बघत होता तो एकदम खाली बघायला लागला. एप्रिलच्या उकाड्यात त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाशी बटण लावून. मी मनात म्हटलं, किती टापटिपीचा माणूस, आणि त्याच्या नशिबी हे. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होती. मी हात वर केला, वर्गात करते तसा, आणि म्हटलं, "घाबरू नका, मी आहे."

मी आहे! या दोन शब्दांवर मी आजवर जितकी हसले आहे तितकी कुठल्या विनोदावर हसले नाही. आई बोलणार होती ती माझ्या हाताने गप्प झाली.

मग बाप बोलला. आवाज असा की कोणाला तरी पत्ता सांगतोय. "आठ दिवसांत हिला गावाला पाठवतो. आजीकडं राहील. पुढचं तिकडंच बघू." पुढचं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. पुढचं म्हणजे स्थळ. मुलीला सोळावं लागलेलं आणि दोन महिन्यांवर तिची फेरपरीक्षा, गणित तेवढं राहिलं होतं म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही वही घेऊन बसलेली. मी जरा चरकले, पण लगेच स्वतःला समजावलं की निदान वाईट संगतीतून सुटेल. पडद्यामागे पानं उलटण्याचा आवाज थांबला होता. ती बाहेर आली नाही. मीही तिला हाक मारली नाही. मी घरी आले आणि दुपारी मस्त झोपले.

दोन दिवसांनी ताई शाळेत आल्या, त्या घरातून त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं असावं. आवाज चढवला नाही. आधी डबा मागितला, मग किल्ली. मग म्हणाल्या, "आणि एक चिठ्ठी कमी आहे."

मी सगळं सांगितलं, थोडं फुशारकीतच. त्यांनी मान तिरकी केली. मला वाटलं आता ते त्यांचं नेहमीचं येणार, आणि ते आलंच.

"विचारलं का तिला?"

"विचारायचं काय, अक्षर तिचंच होतं."

"अक्षर तिचं, बाई. प्रश्न कोणाचा होता?"

मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, "डब्यात मोठी माणसं पण चिठ्ठ्या टाकतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना त्यांची पोरं लिहून देतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तुम्ही तवा खुर्ची शोधून राहिल्या होत्या."

कोणाचा प्रश्न ते त्यांनी मला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण वीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला एवढी बेरीज करायला किती वेळ लागतो? ताईंच्या हजेरीपटावर तिच्या आईच्या सहीच्या जागी अंगठा होता. तोंड उघडलं होतं ते आईने. खाली बघितलं होतं ते बापाने. उकाड्यातली ती पूर्ण बाही. म्हणजे त्या घरात आईला नवऱ्याचं काहीतरी कळलं होतं, ते तिने मुलीला सांगितलं होतं, आणि दोघींनी मिळून एका कागदावर ते लिहिलं होतं. ताई महिनोन्महिने ज्याच्यासाठी लोकांना जमिनीवर बसवत होत्या ते त्या घरात घडलं होतं. आई आणि वयात आलेली मुलगी एकमेकींशी खरं बोलल्या होत्या. आणि मी जाऊन ते बापाच्या हाती दिलं, वर आरोपी म्हणून मुलीला उभं केलं. बापाला सुटायला दार हवं होतं, ते मी उघडून दिलं. आणि मुलगी? तिने एका शब्दाने सांगितलं नाही की प्रश्न माझा नाही. सांगितलं असतं तर आई उघडी पडली असती.

मी ताईंना म्हटलं की माझा हेतू चांगला होता. माणूस अशा वेळी हेच म्हणतो, मी काही वेगळी नाही. ताई पिशवीत डबा घालत म्हणाल्या, "हेतूची तपासणी आमच्याकडं होत नाही, बाई."

पुढचे चार दिवस त्या रोज अथालला जात होत्या. दोनदा बापाने दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी आईला त्यांनी सायलीच्या कारखान्याच्या गेटवर गाठलं, पाळी सुटताना. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, उद्या चला माझ्यासोबत. मी म्हटलं, मला बघून ते चिडतील. त्या म्हणाल्या, "आईला विचारलंय. पोरीलाही विचारलंय. ती म्हणली, येऊ द्या त्यांना. पण तुम्ही मी सांगेन तवाच बोलायचं." आयुष्यात मला कोणी असं सांगितलं नव्हतं. नवरा प्रयत्न करून थकला होता.

त्या दिवशी मी जमिनीवर बसले. गुडघे बोलत होते, मी गप्प होते. कोपऱ्यात एक रेक्झिनची बॅग भरून ठेवलेली, चेन ओढलेली, वर मुलीची चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला ती मामाबरोबर जाणार होती. बाप भिंतीला टेकून बसला होता, बायकोकडे न बघता.

ताईंनी कोणाला काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, आज प्रत्येकाने घरात लपवलेली एक गोष्ट सांगायची, नाही सांगावीशी वाटली तर नाही सांगायची, आणि सुरुवात पाहुण्यांपासून. मग स्वतःचं सांगितलं. त्यांचा भाऊ सतराव्या वर्षी गेला. काय घेतो ते घरात आईला माहीत होतं, बापाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. "तिघं एकाच ताटलीत जेवायचो," त्या म्हणाल्या, "आणि तिघांनी एकमेकांना कळू दिलं नाही की आपल्याला माहीत आहे. त्याला तर कोणीच काही बोललं नाही." एवढंच. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी डबा उघडला. उघडायचा नव्हता, तरी उघडला. आणि चिठ्ठी कोणाची ते मला माहीत नव्हतं, तरी माहीत आहे असं सांगितलं."

वाक्य दोन, पण माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतकं कमी आणि इतकं कठीण बोलले नव्हते. वर पंखा खडखडत होता. ताई वाट बघत बसल्या. वाट बघण्यात त्या इतक्या तरबेज होत्या की समोरच्याला शेवटी बोलणं सोपं वाटायला लागे.

बापाने उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. तुटक तुटक सांगितलं. अंग दुखायचं, रातपाळी निघत नव्हती, सोबतच्या एकाने इंजेक्शन आणलं, चौघे जण होते, सुई एकच. मग सवय लागली. बायकोला एक दिवस हात दिसला. पोरीला माहीत नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

पडद्याच्या कडेला बसलेली ती मुलगी म्हणाली, "मीच लिहून दिली ना चिठ्ठी, पप्पा. मला माहीत होतं."

बापाने तिच्याकडे पाहिलं. मी तो चेहरा सांगू शकत नाही. वर्णन करायला शिकवणं हा माझा धंदा होता, तरी नाही.

"तुम्हाला माहीत होतं, हिचा काही दोष नाही," आई म्हणाली, नवऱ्याला. पहिल्यांदाच बोलली. "तरी तिलाच पाठवत होता." हे ती शांतपणे म्हणाली आणि त्यामुळे जास्त लागलं. मलाही लागलं, कारण तो पाठवत होता ते माझ्या साक्षीवर.

ताई मुलीकडे वळल्या आणि इतक्या दिवसांत जे कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला जायचंय का गावाला?"

"नाही. माझी गणिताची परीक्षा आहे."

बाप उठला. बॅग उचलली. क्षणभर मला वाटलं, आता ती बाहेर ठेवणार. त्याने चेन उघडली, वरची चप्पल काढून दाराशी ठेवली, कपडे आणि वह्या काढून पोरीच्या पुढ्यात ठेवल्या, आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली. माफी मागितली नाही त्याने. पुरुषांना ते शब्द जड जातात असं म्हणायची पद्धत आहे. मला ते कधी पटलं नाही, सिमेंटची गोणी तर हलकी वाटते त्यांना. पण त्या आठवड्यात तो ताईंबरोबर सरकारी दवाखान्यात गेला, बायकोही गेली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा गेले, कारण एका तपासणीने भागत नाही. बाप मग सवय सुटायच्या गोळ्या दवाखान्यातून घेत राहिला, मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. तपासणीत काय निघालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. हे वाक्य लिहिताना मात्र मला खरंच अभिमान वाटतो.

मुलगी गणितात पास झाली. काठावर.

ताई आणखी वर्षभर आल्या. माझ्याशी पहिल्यासारख्याच वागल्या, म्हणजे जेवढ्यास तेवढं. डब्याची जागा बदलली. तो आता त्यांच्याच पिशवीत जाई-येई. त्याबद्दल त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, आणि मला तर टोमण्याची इतकी आस होती की मी एकदोनदा मुद्दाम विषय काढला. त्या म्हणत, "बाई, दुसऱ्या खोलीचा पंखा बघायला सांगा ना कोणाला."

मग प्रोजेक्ट संपला. का संपला ते कोणी सांगितलं नाही. सुरू का झाला होता तेही कोणी सांगितलं नव्हतं. वरून माणूस आला, सामानाची यादी केली. सतरंज्या सहा, फळा एक, पत्र्याचा डबा एक, गंजलेला. आम्ही निरोप समारंभ केला. मी शाल दिली आणि भाषण केलं, त्यात माझा डब्याशी असलेला संबंध सोडून बाकी सगळं होतं. ताई उत्तरादाखल उठल्या, म्हणाल्या, "शाळेनं खोल्या दिल्या, पाणी दिलं. बरं झालं," आणि बसल्या. नंतर दोनदा फोन केला तर नंबर अस्तित्वात नाही असं ती यंत्रातली मुलगी म्हणाली. कोणी सांगतं त्या अक्कलकुव्याकडे आहेत, कोणी सांगतं काम सोडलं. त्यांच्या जागी पुढे दुसरी योजना आली, तीत तरुण मुलं टॅब घेऊन येत आणि विद्यार्थ्यांना एक ते पाच यांपैकी किती आनंद झाला ते विचारून निघून जात. प्रभातफेरी अजून निघते. घोषणा माझ्याच आहेत, यमकावरून ओळखते.

मी निवृत्त झाले. नात आली, मोठी झाली, आता ती चौदाची आहे आणि मोबाईलला कुलूप लावते. मी तिच्या आईला सांगते, उघडू नकोस गं. आई म्हणते, काय चाललंय ते कळायला नको? मी म्हणते, विचार ना तिला. मग दोघी माझ्याकडे अशा बघतात की म्हातारीला काय झालं.

त्या मुलीकडे जायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. त्या दिवशी खोलीत मी जे बोलले ते सगळ्यांसमोर होतं, आणि ताईंनी सांगितलं म्हणून होतं. तिला एकटीला कधी काही म्हटलं नव्हतं. शाळेत होती तोवर मी तिची वही सगळ्यांच्या शेवटी तपासायची आणि खाली "छान" लिहायची, मग छान असो वा नसो. मग ती गेली. ऐकू येई की आता अथाललाच एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, लग्न केलं ते स्वतःच्या पसंतीने, आईवडील जवळच राहतात. ऐकलं की म्हणे, जाऊ एकदा. आणि जात नसे. मला वाटतं मी तिच्या विसरण्याची वाट बघत होते.

गेल्या दिवाळीच्या आधी गेले. दार तिनेच उघडलं. ओळखलं. आत घेतलं, जमिनीवर बसायला निघाले तर म्हणाली, नको बाई, तुमचे गुडघे. मी वर बसले. घरात कोणी नव्हतं. मी जे ठरवून गेले होते ते सगळं विसरले आणि सरळ म्हटलं की मी चुकले होते गं, फार चुकले होते, आणि तुला हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, पण मला जे हवं होतं तेही नव्हतं. मग हसली थोडीशी आणि म्हणाली,

"ताई जाताना मला भेटून गेल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या बाई माफी मागायला येतील, लई उशिरा येतील पण येतील, तेव्हा लगेच 'असू द्या' म्हणू नकोस, त्यांना सगळं लगेच मिळायची सवय आहे. म्हणून मी म्हणत नाही, बाई. पण आलाच आहात तर जेवून जा."